विश्लेषण : ट्रॉलीचे वजन काट्यावर मोजले जाते, हुक किती भार पेलतो, हे कोणी विचारत नाही

नवी दिल्ली : साखर कारखान्याच्या फाटकातून उसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली आत आली की प्रथम तिचे वजन होते. ऊस उतरवल्यानंतर रिकामे वाहन पुन्हा काट्यावर चढते आणि दोन आकड्यांच्या वजाबाकीवरून शेतकऱ्याचे व वाहतूकदाराचे पैसे ठरतात. धान्य बाजारात, वाळूच्या ठेक्यावर आणि वीटभट्टीवर थोड्याफार फरकाने हेच घडते. ग्रामीण भारतातील ट्रॉलीचे वजन कोणाला ठाऊक नसते, असे म्हणता येणार नाही. ते रोज मोजले जाते व कागदावर नोंदले जाते. मात्र त्या वजनाचा उपयोग पैशांच्या हिशेबापुरताच होतो. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणाऱ्या हुकावर त्यातील किती भार पडला आणि तो हुक, मागची चाके व ब्रेक हे सारे तो भार पेलण्याजोगे होते का, हा प्रश्न काट्यावर विचारला जात नाही.

देशात दरवर्षी नऊ लाखांच्या आसपास ट्रॅक्टर विकले जातात आणि संख्येच्या दृष्टीने भारत ही जगातील सर्वांत मोठी ट्रॅक्टर-बाजारपेठ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शेतीच्या यांत्रिकीकरणाच्या दृष्टीने हे स्वागतार्हच आहे. परंतु यातील मोठ्या संख्येने ट्रॅक्टर वर्षातील बराच काळ नांगरणीऐवजी वाहतुकीसाठी रस्त्यावर असतात. शेतात काम करण्यासाठी बनवलेले यंत्र रस्त्यावर आपल्या वजनाच्या चार-पाच पट भार ओढते, तेव्हा त्याच्या सुरक्षिततेचा निकष अश्वशक्ती हा राहत नाही. तो निकष जोडणीपाशी ठरतो.

ओढ वेगळी, भार वेगळा

जोडणीच्या हुकावर दोन प्रकारचे बल काम करते. एक, ट्रॉली पुढे खेचताना लागणारी आडवी ओढ. दुसरे, ट्रॉलीच्या दांड्याकडून हुकावर खाली दाबला जाणारा उभा भार. इंजिनाची ताकद पहिल्याशी निगडित असते. विक्रेता सांगतो तो आकडाही बहुधा ओढण्याच्या क्षमतेचाच असतो. दुसऱ्या भाराचा इंजिनाशी काहीही संबंध नाही. तो हुकाची घडण, मागच्या अॅक्सलची व टायरची क्षमता आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर उरणारे वजन यांवर अवलंबून असतो.

ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना हे नव्याने सांगावे लागत नाही. ओझे मागे सरकले की गाडी उलाळते आणि जू वर उचलले जाते. ओझे पुढे सरकले की बैलांच्या मानेवर भार येतो. दोन चाकांच्या ट्रॉलीत तेच तत्त्व लागू होते. फरक इतकाच की बैल मान टाकून किंवा थांबून भार जास्त झाल्याचे सांगत असे. ट्रॅक्टर तसे काही सांगत नाही.

एक ठोकळ हिशेब पाहू. साधारण ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन २,००० किलो धरले, तर सपाट जमिनीवर त्यातील सुमारे ८०० किलो पुढच्या आणि १,२०० किलो मागच्या चाकांवर असते. पुढच्या व मागच्या अॅक्सलमधील अंतर दोन मीटर आणि हुक मागच्या अॅक्सलच्या ६० सेंटिमीटर मागे आहे, असे मानू. या ट्रॅक्टरला दोन चाकांची, मालासह ६ टन वजनाची ट्रॉली जोडली आणि तिच्या वजनाचा १५ टक्के भाग हुकावर आला, तर हुकावरील उभा भार ९०० किलो होतो. तरफेच्या नियमानुसार त्यामुळे पुढच्या चाकांवरील वजन २७० किलोने घटते आणि तेथे ५३० किलो उरतात. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या किमान २० टक्के, म्हणजे येथे ४०० किलो, पुढच्या चाकांवर राहिले पाहिजेत, हा स्टिअरिंगच्या नियंत्रणासाठीचा सर्वसाधारण दंडक आहे. तेव्हा ६ टनांपर्यंत हा ट्रॅक्टर चालकाच्या हातात आहे.

आता त्याच ट्रॉलीत त्याच पद्धतीने माल भरून वजन ९ टन केले. हुकावरील भार १,३५० किलो होतो, पुढच्या चाकांवर ३९५ किलो उरतात आणि मर्यादा ओलांडली जाते. हे झाले सपाट रस्त्यावर. पाच टक्क्यांच्या चढावर हीच ट्रॉली ओढताना हुकावर सुमारे ७०० किलो इतकी आडवी ओढ येते आणि ती ओढ ट्रॅक्टरचे तोंड आणखी वर उचलू पाहते. पुढच्या चाकांवर त्या वेळी २०० किलोपेक्षाही कमी वजन राहते. स्टिअरिंग फिरवले तरी चाके रस्ता धरत नाहीत. खड्ड्यातून जाताना बसणारा धक्का किंवा क्लच अचानक सोडल्याने बसणारा झटका ही चाके जमिनीवरून उचलण्यास पुरेसा ठरतो.

ऊस-पट्ट्यात पुढची चाके हवेत उचललेले ट्रॅक्टर दिसतात आणि त्यांच्या चित्रफिती करमणूक म्हणून पाहिल्या जातात. बॉनेटवर दगड ठेवणे किंवा पुढच्या बंपरवर माणसे बसवणे, हे त्यावरील प्रचलित उपाय. चालकाला धोका कळत नाही असे नाही, हेच त्यातून दिसते. पुढचे वजन कमी पडते आहे हे त्याला कळते आणि तो हाताशी असेल त्याने ते भरून काढतो. परंतु बंपरवर बसलेला माणूस म्हणजे वजनाचा ठोकळा नव्हे. ट्रॅक्टरचे तोंड खाली आदळले की सर्वप्रथम तोच चाकाखाली जाण्याची शक्यता असते.

चार चाकांच्या ट्रॉलीचा दुसरा धोका

उभा भार टाळण्यासाठी चार चाकांची ट्रॉली वापरावी, असा सल्ला दिला जातो आणि तो अंशतः योग्य आहे. दोन अॅक्सलच्या ट्रॉलीत मालाचे वजन तिच्याच चाकांवर राहते; हुकावर जवळपास फक्त दांड्याचा भार येतो. पुढची चाके हलकी होण्याचा धोका त्यामुळे बराच कमी होतो. मात्र त्याच वेळी दुसरा प्रश्न उभा राहतो, तो थांबण्याचा.

बहुसंख्य ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या दोन चाकांवरच चालतात आणि स्थानिक कार्यशाळांत बनणाऱ्या अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ब्रेकची पकड ब्रेक असलेल्या चाकांवरील वजनावर अवलंबून असते. वरच्या उदाहरणातील ट्रॅक्टर एकटा असताना ताशी ३० किलोमीटर वेगावरून, ब्रेक लागल्यापासून, कोरड्या डांबरी रस्त्यावर सुमारे १० मीटरमध्ये थांबू शकतो. त्यालाच ९ टनांची, ब्रेक नसलेली चार चाकी ट्रॉली जोडली, तर हे अंतर ४५ ते ५५ मीटरपर्यंत जाते. पाच टक्क्यांच्या उतारावर ते शंभर मीटरच्या पुढे जाते. रस्ता ओला असेल तर वाहन थांबेलच, याची खात्री उरत नाही. उतारावर ट्रॉली हुकामार्फत ट्रॅक्टरला मागून ढकलू लागते. जोडणी थोडी जरी तिरकी असली, तरी त्या रेट्याने ट्रॅक्टर आडवा वळतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते.

एकाच ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडल्या की हा हिशेब आणखी बिघडतो. पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या हुकाला दुसरीची ओढ सोसावी लागते आणि ट्रॅक्टरच्या हुकाला दोहोंची. पहिली ट्रॉली बनवणाऱ्याने तिच्या मागच्या हुकासाठी किती जाडीचे पोलाद वापरले आणि वेल्डिंग किती खोल गेले, हे सहसा कोणी तपासलेले नसते.

माल मागे झुकलेला असेल, तर चित्र उलटे होते. हुकावर दाब येण्याऐवजी तो वर उचलला जातो, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात, पकड सुटते आणि ट्रॉली शेपटीसारखी हेलकावे घेऊ लागते. म्हणूनच हुकावर शून्य भार हे उद्दिष्ट असू शकत नाही. भार थोडा असावा, ठरलेल्या मर्यादेत असावा आणि वाहकाला तो ठाऊक असावा, इतकेच अभियांत्रिकीचे म्हणणे आहे.

मोटारीमागे छोटी ट्रॉली जोडण्याची पद्धत असलेल्या देशांत हे दोन आकडे वेगवेगळे सांगितले जातात. अमेरिकेत हुकांची वर्गवारी आहे. पहिल्या वर्गाच्या हुकाला साधारण ९०० किलोची ट्रॉली ओढता येते, पण त्याच्यावर उभा भार मात्र ९० किलोच चालतो. ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हुकावर असावे, हा तेथील प्रचलित नियम होय. युरोपात संयुक्त राष्ट्रांच्या ५५ क्रमांकाच्या नियमावलीनुसार जोडणीच्या भागावरच तिच्या मर्यादा कोरलेल्या असतात. आणखी एक तत्त्व सर्वत्र सारखे आहे : वाहन, हुक, पिन आणि ट्रॉलीचा दांडा यांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच संपूर्ण जोडणीची क्षमता. दहा टनांचा हुक आणि पाच टनांची पिन मिळून पाच टनच होतात.

कायद्यात काय आहे

भारतीय कायदा याबाबतीत मुका नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रॅक्टर हे स्वतः भार वाहून नेण्यासाठी बांधलेले वाहन नाही, तर ‘मोटार वाहन’ या संज्ञेत ट्रेलरचाही समावेश आहे. म्हणजे ट्रॉली ही ट्रॅक्टरची निव्वळ शेपटी नसून कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र वाहन आहे. कलम ११३ नुसार नोंदणी प्रमाणपत्रात नमूद केलेल्या एकूण वजनापेक्षा अधिक भार घेऊन वाहन किंवा ट्रेलर चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली अशा उल्लंघनाला २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो.

या कलमाची शब्दरचना लक्षणीय आहे. वाहन चालवणाऱ्याबरोबरच ते तसे चालवावयास लावणारा किंवा चालवू देणारा हाही दंडास पात्र ठरतो. चालक हा मालक नसेल, तर मालकाच्या माहितीने किंवा आदेशानेच हे घडले, असे गृहीत धरण्याचा अधिकार कलम ११३ न्यायालयाला देते. प्रत्यक्षात पावती बहुधा स्टिअरिंगवर बसलेल्याच्याच नावे फाटते. फेऱ्यांची संख्या ठरवणारा ठेकेदार, ट्रॉली बनवणारी कार्यशाळा आणि जादा वजनाची नोंद स्वतःच्या काट्यावर करून माल उतरवून घेणारा खरेदीदार यांच्यापर्यंत ती क्वचितच पोहोचते.

उणीव आहे ती तपशिलाची. अर्ध-ट्रेलर म्हणजे ज्याच्या वजनाचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर पडतो ते वाहन, अशी व्याख्या अधिनियमातच आहे. ट्रेलरच्या वजनाचा वाटा ओढणाऱ्या वाहनावर येतो, ही बाब कायदा जाणतो, हे त्यावरून स्पष्ट होते. दोन चाकांच्या ट्रॉलीतही तेच घडते. तथापि चालकाकडील नोंदणी प्रमाणपत्रावरून त्याला हुकावरील उभ्या भाराची मर्यादा समजत नाही. कृषी ट्रेलरसाठी भारतीय मानक ब्यूरोची मानके आहेत आणि मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या ओढण्याच्या क्षमतेची रीतसर चाचणीही होते. पण प्रयोगशाळेत तपासलेला ट्रॅक्टर आणि गावच्या कार्यशाळेत वेल्डिंग केलेली ट्रॉली यांची गाठ प्रत्यक्ष रस्त्यावर पडते. त्या गाठीची चाचणी कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.

दोष एकट्या चालकाचा नाही

ट्रॉली जादा का भरली जाते, याचे उत्तर केवळ हव्यासात शोधणे अन्यायाचे ठरेल. वाहतुकीचा मोबदला टनावर मिळतो. कारखान्याच्या आवारात रिकामे होण्यासाठी कित्येक तास रांगेत थांबावे लागते. त्यामुळे दिवसाला एकच फेरी होणार असेल, तर ती शक्य तितकी भरण्याकडे कल राहणे स्वाभाविक आहे. डिझेल आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता दोन्ही फेऱ्यांच्या गणितात बसवावे लागतात. महाराष्ट्रात तोडणी व वाहतुकीचा खर्च ऊसदरातून वजा होतो, म्हणून शेतकऱ्यालाही कमी फेऱ्या परवडतात. जादा भाराचा लाभ थोडाथोडा सर्वांना मिळतो. त्याची जोखीम मात्र चालक, उसाच्या मोळ्यांवर बसून जाणारे तोडणी कामगार आणि समोरून येणारा दुचाकीस्वार यांच्या वाट्याला येते.

माणसांच्या वाहतुकीचा प्रश्न याला लागूनच आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशातील कानपूर जिल्ह्यात घाटमपूर परिसरात भाविकांची ट्रॅक्टर-ट्रॉली तलावात उलटून किमान २६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य महिला व मुले होती. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळून सात महिलांचा मृत्यू झाला. या दुर्घटनांचे कारण हुकावरील भार होता, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु माल असो वा माणसे, ट्रॉलीला स्वतःचा तोल सावरण्याचे किंवा थांबण्याचे साधन नसते आणि तिचे सारे भवितव्य एका पिनेने ट्रॅक्टरशी बांधलेले असते, ही वस्तुस्थिती दोन्ही ठिकाणी समान आहे. प्रत्येक दुर्घटनेनंतर ट्रॉलीतून प्रवास करू नये, असे आवाहन होते. गावापर्यंत परवडणारे दुसरे वाहन नसेल, तर असे आवाहन फार काळ टिकत नाही.

तिसरे वजन

उपाय महागडे नाहीत. पहिला उपाय सध्याच्या काट्यांवरच शक्य आहे. ट्रॅक्टरचे एकट्याचे वजन एकदा नोंदवावे. भरलेल्या जोडवाहनाचे वजन तर रोज होतेच. त्यात आणखी एका वजनाची भर घालावी : ट्रॉली जोडलेली असतानाच फक्त तिची चाके काट्यावर राहतील, अशा बेताने वाहन उभे करावे. एकूण वजन ११,००० किलो, ट्रॅक्टर २,००० किलो आणि ट्रॉलीच्या चाकांवरील वजन ७,६५० किलो असेल, तर उरलेले १,३५० किलो हुकावर आहेत. याहूनही सोपी कसोटी म्हणजे ट्रॅक्टरची फक्त पुढची चाके काट्यावर घेणे. तेथील आकडा ट्रॅक्टरच्या वजनाच्या एक-पंचमांशापेक्षा कमी दिसला, तर माल मागे सरकवावा, कमी करावा किंवा कंपनीने दिलेली पुढची वजने बसवावीत. फाटकावर मोजलेला भार तोपर्यंत रस्ता कापून आलेला असतो, हे खरे. तरीही हंगामाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक वाहनाची अशी एकदा तपासणी झाली, तर कोणत्या ट्रॉलीत किती आणि कसा माल भरावा हे पुढील चार-पाच महिन्यांसाठी निश्चित करता येईल.

दुसरा उपाय ट्रॉली बनवणाऱ्यांशी संबंधित आहे. एकूण वजन, हुकावर येणारा कमाल उभा भार आणि ब्रेकची सोय या तीन बाबी सांगणारी पट्टी प्रत्येक नव्या ट्रॉलीवर कायमची ठोकलेली असावी. तशीच पट्टी ट्रॅक्टरच्या हुकाजवळ असावी. मोठ्या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक असणे ही नोंदणीच्या वेळी प्रत्यक्ष तपासली जाणारी अट झाली पाहिजे.

तिसरा उपाय दैनंदिन देखभालीचा. झिजलेली पिन, आतून लांबट झालेले दांड्याचे भोक आणि हुकाशेजारच्या वेल्डिंगमधील बारीक तडे डोळ्यांना दिसतात. पिनेऐवजी सळईचा तुकडा वापरला जाऊ नये, पिनेला अटकाव करणारी कडी असावी आणि जोडणी तुटली तरी ट्रॉली सुटून जाऊ नये म्हणून साखळी असावी. ट्रॉली ओढण्यासाठी नेमून दिलेला हुक सोडून ती अधिक उंचीवरील बिंदूला कधीही जोडू नये. ओढ जितकी उंचावरून, तितका ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका अधिक.

दर हंगामात पोलीस व परिवहन विभाग ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात. रात्री मागून होणाऱ्या धडका टाळण्यासाठी ती आवश्यक आहे आणि तिचा उपयोगही होतो. त्याच मोहिमेत हुक, पिन आणि पुढच्या चाकांवरील वजन तपासले गेले, तर खर्चात फारशी भर पडणार नाही. काटा आहे, नोंदवही आहे, कायदाही आहे. आज काट्यावरचा आकडा उसाचे किती पैसे झाले एवढेच सांगतो. चालकाला परतीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आवरेल की नाही, हेही तोच काटा सांगू शकतो. त्यासाठी वाहन आणखी दोन मिनिटे काट्यावर थांबवावे लागेल.